आर्णी ते पुणे: चार महिन्यांच्या लेकराला विमानात कसं न्यावं?

पऱ्हाटी
१२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहून राहिली आहे. बाळंतपणात फोन हाती धरायची फुरसत मिळाली नाही.

जानेवारीत मुलगी झाली. मी माहेरी आहे, आर्णीपासून आठेक किलोमीटर आत आमचं गाव. मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परत जायचं आहे. नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणून सोबत आई येणार. आईने आजवर विमान पाहिलं ते शेतात कापूस वेचताना मान वर करून, तेवढंच.

ट्रॅव्हल्सने जायचं तर पूर्ण रात्र बसून काढायची. रेल्वे धरायची तर आधी वर्धा नाहीतर बडनेरा गाठा, आणि मे महिन्यातलं आरक्षण तुम्हाला माहीतच आहे. म्हणून नागपूर-पुणे विमान ठरवलं. उड्डाण सव्वा-दीड तासाचं.

एवढं ठरलं आणि घरात पंचायत भरली. आजी म्हणते, "इमानात लेकराचे कान फुटते." तिने घरच्याच कापसाची सरकी हाताने काढून, पिंजून दोन छोटे बोळे केले आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवले. आई म्हणते, जायफळ उगाळून चाटवू, पुण्यापर्यंत झोपून राहील. सासूबाई फोनवर म्हणतात, वर्ष होईपर्यंत काढूच नका घराबाहेर. शेजारच्या काकूंनी तर "तिथं हवा कमी राहते म्हणतात" असं सांगून माझीच झोप घालवली.

मी स्वतः दोनदा विमानात बसली आहे, पण तेव्हा हातात पर्स होती. आता साडेसहा किलोचं लेकरू राहील. कानाचं खरं काय, दूध कधी पाजायचं, कपडे कोणते, कागद कोणते, सकाळचं विमान बरं की दुपारचं, सगळं सांगा. पोरगी अंगावरच पिते, वरचं काही सुरू नाही.

---

संत्र्याची_फोड
१२ एप्रिल, रात्री १०:०५

एवढा उपद्व्याप कशाला? रेल्वेने जा. आमची दोन्ही पोरं रेल्वेत झोळी बांधून मोठी झाली.

---

पऱ्हाटी
१२ एप्रिल, रात्री १०:११

दादा, तिकीट तुम्ही काढून देता का? कन्फर्म पाहिजे, खालचा बर्थ, मे महिन्यात. झोळी मी आणते.

---

परतवाड्याची_हवा
१२ एप्रिल, रात्री १०:५०

कानाचं मी सांगतो, कारण आम्ही ते घाटात रोज पाहतो. परतवाड्यावरून चिखलदऱ्याला चढताना कान दडे बसल्यासारखे होतात की नाही? थुंकी गिळली की टक् करून मोकळे होतात. विमानात तेच होतं, फक्त जास्त आणि भराभर. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी आतली हवा दाबून ठेवलेली असते, म्हणजे आत बसलेल्या माणसाला साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर आहे. म्हणजे दोन चिखलदरे एकावर एक ठेवा. काकूंना सांगा, हवा कमी असते हे खरं, पण धडधाकट लेकराला झेपते तेवढी.

कानाच्या पडद्यामागून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. गिळलं, जांभई दिली की ती क्षणभर उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. लहान बाळाची ही नळी अरुंद आणि जवळपास आडवी असते, म्हणून त्याला त्रास जास्त. उपाय म्हणजे त्या वेळी त्याला काहीतरी गिळायला लावायचं. तुमच्या पोरीसाठी अंगावरचं दूध म्हणजे घरचाच उपाय झाला.

चढताना आतली हवा बाहेर पडायची असते, ती बहुतेक आपसूक निघते. उतरताना बाहेरची आत घ्यायची असते, ते अवघड. म्हणून खरा जोर उतरताना लावायचा. आणि उतरणं म्हणजे चाकं टेकतात ते नव्हे. विमान अर्धा तास आधीपासूनच खाली येत असतं. पायलट सांगतो, "आपण खाली उतरायला सुरुवात करत आहोत," तेव्हाच बाळ पदराखाली गेलं पाहिजे.

आजीचा कापूस आवाजापुरता ठीक. दाब कापसातून आरपार जातो.

---

सिस्टरताई
१३ एप्रिल, सकाळी ६:२०

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे, त्यामुळे थोडं दटावून बोलणार, राग मानू नका.

जायफळ नाही. झोपेचं औषध नाही. सर्दीचं सिरप "झोप येते म्हणून" तर मुळीच नाही. इतक्या लहान लेकराचा श्वास त्याने मंदावू शकतो. काही लेकरं उलटी जास्तच चिडचिडी होतात आणि मग आकाशात तुम्ही, ते लेकरू आणि दीडशे माणसं. जुन्या काळी बाया अफू चाटवून लेकरं झोपवायच्या आणि निंदणाला जायच्या, ते आपल्या आज्यांना आठवत असेल. त्यातली काही लेकरं उठलीच नाहीत, हेही त्यांना आठवत असेल. घुटीतलं जायफळ एक वळसा की दहा वळसे, हे कोण मोजतं? आणि खरं सांगायचं तर सहा महिन्यांच्या आत अंगावरच्या दुधाशिवाय काही नको: घुटी नको, मध नको, ग्लुकोजचं पाणी नको, साधं पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यातही नको. लेकरू तहानलं तर जास्त वेळा पाजा. पाणी तुम्ही प्या.

आता लसीचं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस असतात. तुमचा तिसरा एप्रिलअखेर येत असेल. तो प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नका, एक-दोन दिवस ताप आणि मांडी दुखणं राहतं. पण प्रवास आहे म्हणून पुढेही ढकलू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी घेऊन टाका.

सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवा. नाक चोंदलं की ती नळी उघडत नाही आणि उतरताना खरंच दुखतं. साधे मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब मिळतात, ते जवळ ठेवा. कान वाहत असेल, ताप असेल, तर तिकीट बदला. पैसे जातात, जाऊ द्या.

---

जुनं_बाभूळ
१३ एप्रिल, सकाळी ८:१५

पोरी, काहून घाबरून रायली? आमच्या वक्ती तुही माय बैलगाडीत जन्मली असन. लेकराले इमान काय अन् यष्टी काय, त्याले मायची कूस भेटली का झालं. रडन तं रडू दे. लोकं पाहतीन तं पाहू दे, त्याईनंबी लहानपणी रडूनच दूध मांगलं हाये.

अन् माय पहिल्यांदा बसून रायली ना? तं तिले खिडकी देजो. लेकराले खिडकीतलं काय समजते?

---

सिस्टरताई
१३ एप्रिल, सकाळी ८:३०

बाभूळकाकांशी एका बाबतीत सहमत. रडल्यानेही कान मोकळे होतात. मोठ्याने रडताना लेकरू तोंड उघडतं, मधेच आवंढा गिळतं. त्यामुळे रडलं म्हणजे कान गेले असं नाही.

---

वर्धा_रोड
१३ एप्रिल, दुपारी १:१०

सगळे विमानाचंच बोलून राहिले. मी आठ वर्षं यवतमाळ-नागपूर गाडी चालवली, विमानतळाच्या सवाऱ्याही भरपूर नेल्या. माझा अनुभव असा की लेकरू विमानात बिघडत नाही, गाडीत बिघडतं. विमानात जेमतेम दीड तास. आर्णीपासून विमानतळापर्यंत मात्र पावणेदोनशेच्या वर किलोमीटर आहेत आणि लेकरू सोबत असलं की थांबत-थांबत साडेचार-पाच तास धराच. मे महिन्यात. पारा पंचेचाळीसवर.

म्हणून आधी गाडीचं ठरवा. एसी आहे म्हणून सांगतात आणि कळंबच्या पुढे गेलं की "गॅस संपला वाटते" म्हणतात. आदल्या दिवशी गाडी घरी बोलवा, एसी लावा, दहा मिनिटं आत बसा. मग पैसे बोला.

दुपारी ११ ते ४ रस्त्यावर नको. गाडी उन्हात उभी असेल तर आधी चारही दारं उघडी टाका, मग एसी, मग लेकरू. खिडकीच्या काचेला ओलं दुपटं अडकवतात बाया, ते चालतं, पण मागच्या काचेला. ड्रायव्हरच्या बाजूला नको, आम्हाला आरसा दिसत नाही. आणि लेकरू घेऊन पुढच्या सीटवर कोणीही बसायचं नाही. नवरदेव असो की मामा.

थांबे सांगतो. यवतमाळ सोडलं की कळंबला चिंतामणीच्या देवळाजवळ सावली मिळते, तिथे पाजून घ्या. नंतर देवळी. मग वर्ध्याच्या पुढे केळझर, तिथेही गणपती आहे, म्हणजे आजीही खूश. बुटीबोरी आली की अर्धं टेन्शन कमी, कारण विमानतळ वर्धा रोडच्याच अंगाला आहे. शहरात शिरावं लागत नाही.

(अवांतर: वर्ध्यात गोरसपाक घ्या, तिथली तुपातली बिस्किटं. पुण्यात लोकांच्या हातावर ठेवली की लेकराच्या रडण्याबद्दल कोणी बोलत नाही.)

---

बेलोऱ्याचा_वारा
१३ एप्रिल, सायंकाळी ७:२५

आमच्या अमरावतीलाही आता विमान आहे बरं का. बेलोरा विमानतळ २०२५च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, मुंबईला जायची सोय झाली. पुण्याचं काम नाही म्हणून तुम्हाला उपयोग नाही, पण दर्यापूर, अचलपूर, चांदूरकडची कोणी वाचत असेल तर सांगून ठेवतो.

मी गेलो ते पंख्याचं विमान होतं, एटीआर. एका रांगेत दोन-दोन खुर्च्या. चढायचं मागच्या दारातून. पंखे पुढच्या भागाजवळ असल्याने पुढे आवाज आणि थरथर जास्त, मागे कमी. बाळ असेल तर मागची जागा मागा. माझ्या भाचीला त्या घूंऽऽऽ आवाजानेच झोप लागली, चक्कीवर दळण नेल्यावर लागते तशी.

---

दाखला_दाखवा
१३ एप्रिल, रात्री ९:००

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून मी.

१) दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी खुर्ची नसते, मांडीवर न्यायचं. पण तिकीट त्याच्याही नावाचं काढावंच लागतं, कमी पैशांचं. तुमचं तिकीट काढतानाच बाळ जोडा.

२) वयाचा पुरावा लागतोच. जन्मदाखला सगळ्यात बरा. मूळ प्रत आणि एक झेरॉक्स. लसीकरणाचं कार्डही सोबत असू द्या. पाच वर्षांखालच्यांचं निळं बाल आधार निघालं असेल तर उत्तमच.

३) आता आपल्याकडची खरी अडचण. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं! बारसं झालेलं असतं, पण दाखल्यावर ते चढवायला कोणी गेलेलं नसतं. त्यात आजी "लाडूबाई" म्हणते, कार्डावर सिस्टरने "बेबी ऑफ" लिहिलेलं, आणि नवऱ्याने तिकिटावर तिसरंच टाकलेलं. नोंदणीपासून वर्षभरात नाव फुकट चढतं. जिथे नोंद झाली तिथेच जायचं, म्हणजे दवाखान्यात झालं असेल तर त्या दवाखान्याची नोंद जिकडे जाते तिकडे, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. इथे लोकांच्या दोन चकरा वाया जातात. ते करा, मग तिकीट काढा, स्पेलिंगसह हुबेहूब.

४) बाळ असलं की काही कंपन्यांचं मोबाईलवरचं चेक-इन, म्हणजे आधीच हजेरी लावणं, होत नाही, काउंटरवर जावं लागतं. काउंटर तासभर आधी बंद होतो. दोन-अडीच तास हाती ठेवून पोचा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी: बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, पाच वर्षांचा मिळतो. लांबच्या मोठ्या विमानात भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, पण मोजकेच असतात, आधी सांगून ठेवावं लागतं. नागपूर-पुण्याला ते काही नाही.

---

पऱ्हाटी
१४ एप्रिल, दुपारी ३:४५

दाखला_दाखवा, तुमच्या तोंडात साखर. दाखला काढून पाहिला, नावाची ओळ कोरी! बाबा उद्या यवतमाळला जाऊन राहिले.

आता वेळेचं सांगा. एक विमान अगदी सकाळचं आहे, एक साडेदहाच्या सुमारास, एक संध्याकाळी. सकाळचं धरलं तर रात्री एकला निघा. संध्याकाळचं धरलं तर भर दुपारी रस्त्यावर.

---

परतवाड्याची_हवा
१४ एप्रिल, सायंकाळी ५:३०

संध्याकाळचं नको. उन्हाळ्यात आपली जमीन दुपारपर्यंत तव्यासारखी तापते, गरम हवेचे लोट वर जातात आणि विमान त्यातून जाताना गचके खातं. सकाळी हवा शांत असते. धोका काही नाही, पण दूध पिताना गचका बसला की लेकरू दचकतं आणि सोडून देतं.

---

संत्र्याची_फोड
१४ एप्रिल, सायंकाळी ५:५२

रात्री एकला निघणं म्हणजे ड्रायव्हरची झोप तुमच्या लेकराच्या डोळ्यावर. नको.

(बघा, मी कामाचंही बोलतो.)

---

वर्धा_रोड
१४ एप्रिल, रात्री ८:१५

फोड बरोबर बोलली. नागपुरात कोणी असेल तर आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर पाचला निघा, दहापर्यंत पोचा, तिथेच झोपा. साडेदहाचं विमान धरा.

---

पऱ्हाटी
१४ एप्रिल, रात्री ८:४०

खामल्याला मावशी आहे! तिथून विमानतळ हाकेच्या अंतरावर. ठरलं. तिकीट नावाचं काम झालं की काढते.

---

दोन_लेकरांची
१५ एप्रिल, सकाळी ११:२०

बॅगेबद्दल थोडं. मी पुसदची, दोन्ही लेकरांना घेऊन चार-पाचदा झालं आहे.

जवळ ठेवायची बॅग एकच, खांद्याला अडकणारी. डायपर तासाला एक धरा आणि वर दोन. दोन जोड कपडे लेकराचे. एक कुर्ता स्वतःचा. हे कोणी सांगत नाही. पहिल्या वेळी माझ्या पोराने उतरायच्या आधी माझ्या अंगावर सगळं दूध काढलं आणि मी तशीच वासासकट मुंबईत मामेसासऱ्यांच्या पाया पडली.

बाहेर पंचेचाळीस आणि विमानात गारठा, त्यामुळे एक जाड कपडा घालण्यापेक्षा सुती झबलं, वर पातळ दुसरं, पाय झाकायला दुपटं. कुंची हातात ठेवा, डोक्यावर नंतर. काजळाची डबी, तेलाची बाटली, पावडर हे सगळं काउंटरवर द्यायच्या सामानात.

सुरक्षा तपासणीला बायांची रांग वेगळी, पडद्याआड तपासतात. लेकरू कडेवरच राहतं, पण झोळीत किंवा पुढे बांधायच्या पट्ट्यात असेल तर बाहेर काढायला लावतात. म्हणून साडीची घट्ट गाठ मारून नेऊ नका, तिथे सोडता सोडता मागची रांग उसासे टाकते. वरचं दूध, बाळाचं पाणी, औषध प्रवासापुरतं चालतं, फक्त वेगळं काढून दाखवा.

आणि सुकं खोबरं! माझ्या आईने बाळंतिणीच्या लाडवांसाठी दोन वाट्या खोबरं सामानात घातलं होतं. मशीनमध्ये दिसलं. बॅग उघडून सगळ्यांसमोर काढलं. त्यात तेल असतं, आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून चालत नाही म्हणे. आई त्या माणसाला समजावून राहिली होती की "अहो, आमच्या घरात वर्षभर डब्यात राहते, कधी पेटलं नाही." खोबरं गेलं. लाडू मात्र जाऊ दिले.

जागा खिडकीजवळची घ्या, पाजताना आडोसा होतो. मधे आई बसेल. पदरापेक्षा मोठी ओढणी बरी.

---

पऱ्हाटी
१५ एप्रिल, दुपारी १२:०५

पण बाभूळकाकांनी खिडकी आईला द्यायला सांगितली आहे. 🙂

---

जुनं_बाभूळ
१५ एप्रिल, दुपारी १२:३०

जातानी तुले, येतानी तिले.

---

पऱ्हाटी
९ मे, रात्री १०:३०

पोचलो! चार दिवस झाले, आता जरा श्वास घेतला. ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना हिशोब द्यायला पाहिजे.

रस्ता अगदी वर्धा_रोड दादांनी सांगितला तसा. गाडीचा एसी आदल्या दिवशी तपासला आणि खरंच पहिली गाडी परत पाठवावी लागली. दुसरी आली. पाचला निघायचं ते सव्वासहा झाले, कारण आजीने मीठमोहऱ्या उतरवल्या, मग टीट लावली, मग पुन्हा एकदा उतरवल्या. कळंबला थांबलो, केळझरला थांबलो. पोरगी बुटीबोरीपर्यंत गाढ. रात्री मावशीकडे पोचल्यावर मात्र अडीचपर्यंत जागी, छताच्या पंख्याशी गप्पा.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने जन्मदाखला पाहिला, नाव तिकिटाशी ताडून पाहिलं. बाबांची यवतमाळची चकर कामी आली.

मग पहिला गोंधळ. विमान पावणेदोन तास उशिरा. मी सगळं मोजून ठेवलं होतं: इतक्या वाजता पाजायचं, इतक्या वाजता ढेकर. सगळं कोलमडलं. आत गेल्यावर वाटलं, आता निघतीलच, म्हणून लगेच पदराखाली घेतलं. आणि विमान जागेवरच उभं. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. उभ्या विमानात गारवा कमी असतो हे मला माहीत नव्हतं. पोरगी घामाघूम, पोट भरून तट्ट, आणि विमान धावायला लागलं तेव्हा तोंड फिरवून बसली. मी कुंची काढली, वरचं झबलं काढलं, आई वर्तमानपत्राने वारा घालून राहिली. पुढे जाणारीने लक्षात ठेवावं: आत बसताच पाजू नका. विमान वळून धावपट्टीच्या तोंडाशी थांबतं आणि आवाज वाढतो, तेव्हा घ्या. चढताना मग तिने बोट चोखलं, तेवढ्यावर भागलं.

कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा बाळाचा छोटा पट्टा हवाई सुंदरीने आणून दिला, लावूनही दिला. तो आधी मागून घ्या, नंतर एका हाताने जमत नाही.

वर गेल्यावर पोरगी झोपली आणि इतकी गाढ की मलाही डुलकी लागली. जाग आली ती घोषणेने. उतरायला लागलो होतो. झोपेत लेकरू कमी गिळतं हे कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून तळपायाला गुदगुल्या केल्या. उठली, चिडली, आणि जी रडायला लागली! तोंडाजवळ धरलं तरी घेईना. कमान करून मागे. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून पाहिलं, सिस्टरताईंचं वाक्य आठवलं म्हणून मी शांत राहिली, म्हणजे वरून.

आईचा एक हात खुर्चीच्या दांडीला घट्ट होता, बोटं पांढरी पडलेली. तिने तो सोडला, पोरीचा एक पाय मुठीत धरला आणि अगदी हळू, घरी म्हणते तसं "हूंऽ हूंऽ हूंऽ" सुरू केलं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. रडणं हुंदक्यावर आलं आणि मग तिने घेतलं. मी तिच्या कानाखाली बोट ठेवून होती. जबडा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. चाकं टेकली तेव्हा धक्क्याने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिऊ लागली.

कान एकदम ठीक. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलेही.

आता कापूस. विमानतळाकडे निघताना डबी मी पर्समध्ये ठेवली होती, आजीचं मन मोडायला नको म्हणून. विमान वर चढलं आणि आईने माझ्याकडे पाहिलं. कानात दोन्ही बोळे! कधी काढले कळलंच नाही. मोठ्याने, म्हणजे कापूस होता म्हणून तिला वाटलं हळू, मला विचारते, "आता फुटन का?" अख्ख्या रांगेने ऐकलं.

पुण्याहून आजीला फोन लावला. तिने पहिलं विचारलं, कापूस घातला होता ना? म्हटलं, हो आजी, घातला होता.

---

जुनं_बाभूळ
१० मे, सकाळी ७:००

😂 मायले खिडकी देली काय नाई?

---

पऱ्हाटी
१० मे, सकाळी ७:२०

परत जाताना ती एकटीच आहे काका, खिडकीचंच तिकीट काढलं आहे.

---

तूर_हरभरा
१० मे, दुपारी २:१५

धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे जुळे आहेत, पाच महिन्यांचे. दिग्रसहून बंगळुरूला. मी आणि बायको दोघंच. तिचा हट्ट आहे की दोघंही लेकरं शेजारी-शेजारी पाहिजेत. जमेल का?

---

दाखला_दाखवा
१० मे, दुपारी ३:००

एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच लेकरू. तुम्ही दोघं आहात, म्हणजे माणसं पुरली. पण शेजारी नाही जमायचं. वरून पडणारे ऑक्सिजनचे मास्क एका बाजूच्या तीन खुर्च्यांना मोजून असतात, जास्तीचा फार तर एक. त्यामुळे एका बाजूला एकच मांडीवरचं लेकरू बसवतात. खुर्च्यांमधल्या रस्त्याच्या अल्याड एक, पल्याड एक, असं मिळालं तर पाहा. नाहीतर मागेपुढे. तिकीट काढतानाच फोन करून सांगा, विमानात चढल्यावर जागा बदलायला लावतात तेव्हा दोन लेकरं, चार पिशव्या आणि अरुंद वाट, फजिती होते.

---

तूर_हरभरा
१० मे, दुपारी ३:१०

म्हणजे एकाला पाजायचं झालं तर रस्त्यातून अदलाबदल करायची?

---

दोन_लेकरांची
१० मे, दुपारी ३:२५

उतरताना पट्ट्याचा दिवा लागल्यावर उठू देत नाहीत. त्याच्या आधी एकाला पाजून घ्या, त्याला बाबांकडे द्या, दुसऱ्याला उतरताना घ्या. बाबांकडच्याला काढलेलं दूध बाटलीतून, घेत असेल तर. नसेल घेत तर तुमचं बोट स्वच्छ धुवून ठेवा दादा, तेच चोखेल.